पडद्यावरचे भय आणि घाटातले अस्वल

भुताखेतांचे सिनेमे पाहून माणूस धीट होतो की होता तेवढा धीरही गमावून बसतो, ह्या प्रश्नावर आमच्या वऱ्हाडातील घराघरांत निदान दोन पिढ्या वाद चालू आहे आणि दोन्ही पक्षांची कैफियत आता ठरून गेली आहे. वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे, की नको ते डोळ्यांसमोर आणले म्हणजे रात्री अंगणात जाण्याचीही छाती होत नाही. आणि तरुणांचे म्हणणे असे, की पडद्यावरचे एवढे अघोर प्रकार ज्याने पचविले त्याला प्रत्यक्षातले संकट ते काय भिवविणार! दोघेही आपापल्या घरातला एखादा दाखला पुढे करतात, आणि जेवणाची पाने मांडली गेली की प्रकरण तहकूब होते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र मानसशास्त्रज्ञांनी ह्या प्रकरणाचे दप्तर नव्याने उघडले आहे, आणि त्यांनी जमविलेला पुरावा बुलढाण्यासारख्या मुलुखात, जेथे अस्वल, साप आणि महामार्ग ही तिन्ही संकटे एकाच जिल्ह्याच्या हद्दीत भेटतात, घासून पाहण्याजोगा आहे.

खेड्यापाड्यांना पडद्यावरच्या भयाची ओळख बहुधा यात्रेतील तंबूने करून दिली. घाटावर काय किंवा घाटाखाली काय, यात्रा म्हटली की पाळणे, रेवड्यांची दुकाने आणि एका कडेला टूरिंग टॉकीजची कनात. जमिनीवर बसकण मारायची, बायकांची बाजू वेगळी केलेली आणि मागे यंत्राची घरघर. १९७२ साली रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ आला, १९८४ साली ‘पुराना मंदिर’ आणि १९८८ साली ‘वीराना’, आणि पडकी हवेली, करकरणारे दार, धुके, तळघर असा भयाचा एक ठराविक सरंजाम ह्या चित्रपटांनी गावोगाव पोहोचविला. मराठीत हे काम पडद्याच्या आधी छापील पानाने केले होते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ह्यांच्या कथा वाचनालयांतून फाटेपर्यंत हातोहात फिरत. १९९३ साली महेश कोठारे ह्यांचा ‘झपाटलेला’ आला. तो विनोदी म्हणून काढलेला चित्रपट, परंतु त्या काळच्या बालकांना, म्हणजे आजच्या चाळिशीतल्या गृहस्थांना, खाजगीत विचारून पाहावे, रामसे बंधूंच्या साऱ्या राक्षसांपेक्षा तात्या विंचू नावाच्या एका बाहुल्याने त्यांची झोप अधिक उडविली होती असेच ते सांगतील. आता तंबू गेले, आणि २०१८ सालचा ‘तुंबाड’ अंथरुणात पडल्यापडल्या, कानांत बोंडे खुपसून, एकट्याने पाहता येतो.

ह्या एकट्याने पाहण्यात काय गेले ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. तंबूतला खेळ सुटला म्हणजे कोणी एकटा घरी जात नसे. एका गावची दहा-पंधरा माणसे वाटेच्या तोंडाशी एकमेकांची वाट पाहत थांबत. कुणाच्या हाती कंदील, कुणाच्या हाती बॅटरी. पुढचा काठी आपटीत चाले, मागचा विनाकारण मोठमोठ्याने बोलत राही, आणि वडाचे झाड किंवा स्मशानाची वाट जवळ आली की बोलण्याचा आवाज आपोआप चढे, मधेच कुणी अभंगाला तोंड फोडी. अंगावरची भीती लपविण्यासाठी केलेला हा सारा खटाटोप होता आणि तो ओळखणारेही मनातल्या मनात हसत. वाचकांनी तो लक्षात ठेवावा, कारण पुढे एका वेगळ्याच संदर्भात त्याची साक्ष काढावी लागणार आहे.

भय वाटले असता शरीरात काय घडते ह्याचे सुसंगत विवेचन वॉल्टर कॅनन ह्या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली केले: ॲड्रेनल ग्रंथींचा स्राव रक्तात मिसळतो, हृदयाची गती वाढते, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते आणि प्राणी झुंजण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो. पुढे जोसेफ लडू ह्यांनी दाखविले, की धोक्याची वर्दी मेंदूतील अमिग्डला नावाच्या केंद्राकडे दोन वाटांनी जाते, एक जवळची आणि ढोबळ, दुसरी विचार करणाऱ्या मेंदूतून फिरून येणारी, लांबची आणि चोखंदळ. म्हणूनच पडद्यावर दार धाडकन उघडले की ‘हा तर सिनेमा’ हे कळण्यापूर्वीच आपण दचकलेले असतो. शरीर ह्या खोट्या वर्दीवर किती खरा विश्वास ठेवते ह्याचा एक गमतीदार दाखला नेदरलँड्समधील लायडेनच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यांनी २४ निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक शॅम्पेनविषयीचा शांत माहितीपट दाखवून प्रत्येक वेळी आधी व नंतर त्यांचे रक्त तपासले, तेव्हा भयपटानंतर रक्त गोठण्यास साह्य करणाऱ्या आठव्या घटकाचे प्रमाण वाढलेले आढळले, मात्र प्रत्यक्ष गुठळी धरण्याची क्रिया सुरू झालेली नव्हती. जखम होणार अशी तजवीज शरीराने केली, आणि जखम न झाल्यामुळे ती तेथेच थांबली.

ह्या साऱ्याची नोंद आपल्याकडे फार पूर्वी, आणि तीही नाट्यगृहात बसून, झालेली आहे हे येथे सांगितले पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाची जी कारणे दिली आहेत त्यांत विकृत आवाज, भुताचे दर्शन, कोल्हे आणि घुबडे, ओसाड घर, अरण्य ही सारी मंडळी हजर आहेत. रामसे बंधूंनी ह्या यादीत फारशी भर घातली असे म्हणवत नाही. त्याच ग्रंथात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, आणि त्यांतला स्तंभ, म्हणजे जागच्या जागी खिळून जाणे, हा कॅननच्या झुंजणे-पळणे ह्या जोडीत न बसणारा भाव आजच्या संशोधनात पुन्हा मानाने परत आला आहे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

परंतु माझ्या दृष्टीने ह्या प्रश्नाचा गाभा अभिनवगुप्ताने गाठला आहे. रसास्वादात भय कोणत्या स्वरूपाचे असते हे समजावताना त्याने शाकुंतलातील, दुष्यंताच्या बाणाच्या धाकाने मान वळवून मागे पाहत पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले, आणि प्रेक्षकाला त्या वेळी जाणवते ते ‘मी भ्यालो’ किंवा ‘तो भ्याला’ असे कुणाच्या मालकीचे भय नसून देश, काल आणि व्यक्ती ह्यांच्या बंधनांतून सुटलेले केवळ भय असते, असे प्रतिपादन केले. ‘मी’ गळून पडला म्हणूनच तर ते भय आस्वाद्य होते. आता विचारण्याची गोष्ट ही, की ज्या भयात ‘मी’ नाही त्या भयाची सवय करून, जेथे ‘मी’च संकटात आहे तेथे उपयोगी पडेल असे नेमके काय हाती लागावे?

काहीच लागत नाही असे मात्र नाही. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठात माथियास क्लासेन आणि त्यांचे सहकारी ‘हौसेचे भय’ ह्याच विषयाचा अभ्यास करतात, आणि त्यासाठी त्यांनी भाडोत्री भुते हिंडणाऱ्या एका करमणुकीच्या भूतघराचा प्रयोगशाळेसारखा उपयोग केला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २८० पाहुण्यांपैकी काहींना भय शक्य तितके वाढवून घेण्यास आणि काहींना ते शक्य तितके दाबून ठेवण्यास सांगितले होते. दाबणाऱ्यांनी डोळे मिटले, सोबत्याचा हात धरला, ‘ही नटमंडळी आहेत’ असे स्वतःला बजावले. वाढविणाऱ्यांनी ह्याच्या उलट केले. आणि बाहेर आल्यावर दोन्ही पक्ष सारखेच समाधानी होते. भय ही कमीअधिक करता येण्याजोगी वस्तू आहे आणि ती करण्याच्या काही युक्त्या असतात, हा धडा भूतघरात मिळतो. २०२० सालच्या दुसऱ्या प्रयोगात ११० पाहुण्यांच्या हृदयाची गती मोजली असता असे आढळले, की फार थोड्या भयात मौज नाही आणि फार मोठ्या भयातही नाही. ती मधल्या कुठल्यातरी पायरीवर असते. बाराव्या वर्षीच्या मुलाला हे विद्यापीठाविना ठाऊक असते, तरी मोजून दाखविले हे बरेच झाले.

मग आली महासाथ, आणि तिच्यामुळे, एरवी कोणीही जाणूनबुजून करू धजला नसता असा प्रयोग आपोआप घडून आला. कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत क्लासेनही होते, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील ३१० लोकांना त्यांच्या आवडीचे चित्रपट आणि त्यांची मनःस्थिती ह्यांविषयी प्रश्न विचारले. भयपटांच्या शौकिनांत मानसिक त्रासाची लक्षणे इतरांच्या मानाने कमी आढळली; आणि जगबुडी, साथ, परग्रहवासीयांचे आक्रमण असल्या विषयांवरचे चित्रपट पाहणाऱ्यांनी आपण ह्या संकटाला अधिक सज्ज होतो असेही सांगितले. भयपटाच्या बाजूने आजवर पुढे आलेला हा सर्वांत वजनदार पुरावा आहे, आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी केली पाहिजे. ही माणसे भयपट पाहून धीट झाली, की मुळात धीट होती म्हणून भयपट पाहत होती, हे अशा पाहणीतून कळत नाही. शिवाय ती स्वतःविषयी जे बोलली तेच ग्राह्य धरलेले आहे.

तरीही मी हा पुरावा फेटाळणार नाही, कारण त्याने माझ्या मते एक सीमारेषा दाखवून दिली आहे, जी खुद्द संशोधकांनी इतक्या ठळकपणे ओढलेली नाही. महासाथ हे सावकाश संकट होते. आमच्या बुलढाण्यात मार्च २०२० च्या अखेरीसच पहिला बळी गेला आणि नंतरचे महिने माणसे घरात बसून बातम्या ऐकत, मनाशी वाईट कल्पना करीत काढीत होती. अशा वेळी करण्यासारखे थोडे आणि सोसण्यासारखे फार असते. आणि अनिश्चिततेत बसून राहणे, छाती धडधडत असताना उठून न जाणे, हीच ती एक गोष्ट आहे जिचा सराव भयपट पाहणाऱ्याला खरोखर असतो. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हाचे संकट ह्याच जातीचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, पाण्याचे, धान्याचे आणि रक्ताचे नमुने गेले, डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. परंतु दरम्यानच्या काळात शेजारच्या गावांनी त्या गावांशी जे वर्तन केले, सोयरिकी अडल्या, लोक हात मिळविण्यास कचरू लागले, त्यात रोगापेक्षा भयाचा वाटा मोठा होता. भय सोसण्याची थोडी तालीम असती तर ते टळले असते असे कोणी म्हटले तर मी त्याला आडवा जाणार नाही.

तालीम हा शब्द आला आहे तर तोच पुढे चालवतो. ज्या पहिलवानाने आखाड्यात केवळ पडण्याचा सराव केला, परंतु ज्याला कोणी कधी मगरमिठी घातलीच नाही, तो दंगलीत पडल्यावर फारसा दुखावणार नाही हे खरे. कुस्ती तो जिंकेल असे मात्र त्याचा वस्तादही म्हणणार नाही. भयपट पाहणारा तास-दोन तास हालचाल न करता बसलेला असतो. शरीर झुंजण्यास वा पळण्यास सिद्ध होते, आणि तो दोन्हीही न करता खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो. म्हणजे शरीराला जर काही सवय लागतच असेल तर ती स्तंभाची.

आणि सावकाश संकटे सोडून अचानक येणाऱ्या संकटांकडे वळले की चित्र पालटते. बुलढाणा आणि खामगाव ह्यांच्या दरम्यान, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य पसरलेले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक वाघ, ज्याला वनविभागाच्या दप्तरात टी१सी१ असे नाव होते, पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून येथे पोहोचला, आणि त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याचा हा प्रवास साऱ्या जगाला कळला. वाघ आला ह्या वार्तेने जिल्ह्याच्या अंगावर काटा उभा राहिला. वस्तुतः तो अनेक जिल्ह्यांच्या शेतशिवारांतून आला होता आणि वाटेतल्या बहुतेक गावांना त्याचा पत्ताही लागला नव्हता. ह्या अभयारण्यात खरी सावधगिरी बाळगावी लागते ती अस्वलापासून, आणि अस्वलाचे नाव काढले तर माणसे हसतात, कारण जुन्या पिढीच्या मनात अजून दरवेशाच्या दोरीला बांधलेले, डमरूवर नाचणारे अस्वल आहे आणि नव्या पिढीने ते कार्टूनमध्ये पाहिले आहे. भयाची वाटणी धोक्याच्या प्रमाणात होत नाही, गोष्टींच्या प्रमाणात होते.

अस्वल वारुळे उकरून वाळवी खाते, मोहाची फुले, बोरे, मध खाते. त्याची दृष्टी अधू आणि कानही फारसे तिखट नाहीत. वास मात्र दूरवरून येतो. खाली मान घालून वारुळात तोंड खुपसलेले असताना माणूस एकदम चार हातांवर आला की ते बिचकते, आणि ज्या प्राण्याला पिढ्यान्पिढ्या वाघाशी गाठ घालून जगावे लागले त्याने बिचकल्यावर पळण्याऐवजी अंगावर येणे हाच आपल्या रक्षणाचा उपाय ठरवून टाकलेला आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात, पुरुषभर वाढलेल्या तुरीच्या शेतात किंवा घाटाच्या पायवाटेवर एकट्याने मुकाट्याने चालणारा माणूस त्याच्या तावडीत सापडतो तो असा. आणि त्याचे लांब नखांचे पंजे बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावरच पडतात. ह्यावर जाणकारांचा सल्ला असा, की जंगलालगत एकट्याने जाऊ नये, हातात काठी असावी, चालताना आवाज करीत, बोलत जावे, म्हणजे अस्वलाला आगाऊ वर्दी मिळून ते वाटेतून दूर होते. समोर आलेच तर पाठ फिरवून पळू नये, कारण त्याच्या वेगाशी माणसाची बरोबरी नाही. आणि अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकून घ्यावी.

आता ह्यापुढे भयपटाची शिकवण ठेवून पाहावी. पडद्यावरचा माणूस एकटा जातो, श्वास रोखून, पावलांचा आवाज न करता जातो, संकट दिसले की धूम पळतो, मागे वळून पाहतो आणि अडखळून पडतो. ह्यापेक्षा मोठी चूक अशी, की पडद्यावरच्या सैतानाला तुमच्याशी वैर असते, तो तुम्हांला शोधीत आलेला असतो. अस्वलाला तुमच्याशी काहीही कर्तव्य नसते, ते तुम्हांला भ्यालेले असते. ज्याला हा एवढा फरक कळला त्याचे वागणे आपोआप सुधारते. आणि येथे तंबूतून परतणाऱ्या त्या मंडळींची साक्ष काढतो. ती भीत होती वडावरच्या मुंजाला, परंतु घोळका करून, कंदील घेऊन, काठी आपटीत आणि मोठ्याने बोलत जी चालत होती ते वर्तन अस्वल आणि साप ह्या दोहोंसाठी इतके बिनचूक होते, की वनाधिकाऱ्यालाही त्यात दुरुस्ती सुचविता आली नसती. श्रेय मात्र सिनेमाला देता येणार नाही. ते सोबतीला आहे, आणि एकट्याने अंथरुणात पाहिलेल्या चित्रपटातून ते नेमके वजा झाले आहे.

सापाचा विषय निघाला आहे तर भयाच्या ह्या चुकीच्या वाटणीचा सर्वांत महाग पडणारा प्रकार सांगणे भाग आहे. १९७६ चा ‘नागिन’ आणि १९८६ चा ‘नगीना’ ह्यांनी फणा काढणारा, सूड उगवणारा, डोळ्यांत मारेकऱ्याची छबी साठविणारा नाग लोकांच्या मनात असा पक्का बसविला, की बिनविषारी धामण दिसली तरी सारी आळी काठ्या घेऊन धावते. मण्यार मात्र ह्या साऱ्या भयनाट्यात कोठेच नाही. ती रात्री हिंडते, जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्याला चावते. तिच्या दंशाला धड सूज नसते, वेदना इतकी थोडी की माणूस मुंगी किंवा डास चावला असे समजून कूस बदलतो. आणि काही तासांनी पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोबडी वळते आणि अखेर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. भयंकर दिसणे आणि धोकादायक असणे ह्या दोन गोष्टींचा संबंध किती सैल आहे ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. भारतात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा हिशेब आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. आणि ज्या दंशाने भय वाटत नाही त्यासाठी मध्यरात्री ग्रामीण रुग्णालय गाठण्याची बुद्धी कोणता चित्रपट देणार?

लहान मुलांविषयी थोडक्यात. १९९२ साली ३१ ऑक्टोबरच्या रात्री बीबीसीने ‘घोस्टवॉच’ नावाचे एक रचलेले नाटक थेट प्रक्षेपणाच्या थाटात दाखविले, आणि पुढे त्यामुळे आघातग्रस्त झालेल्या मुलांची नोंद ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात झाली. अमेरिकेत क्रिस्टन हॅरिसन आणि जोॲन कॅन्टर ह्यांनी १९९९ साली विद्यापीठातील १५० वर विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा सुमारे ९० टक्क्यांनी लहानपणी पाहिलेल्या कुठल्यातरी भयदृश्याने आपल्याला ग्रासल्याचे सांगितले, आणि सुमारे चतुर्थांश जणांची ती धास्ती अजून गेलेली नव्हती. वडीलधाऱ्या मंडळींच्या कैफियतीत एवढा भाग खरा आहे आणि तो मान्य करून टाकावा.

मोठ्यांच्या बाबतीत धास्तीपेक्षा मला गैरसमजाची चिंता अधिक वाटते. बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, संदल निघतो, आणि हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांतील भाविक लांबलांबून येतात. ह्या श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु तेथे ‘बाहेरची बाधा’ म्हणून आणल्या जाणाऱ्या माणसांत मनोरुग्णही असतात, आणि तरुण मुलगा एकटाच बोलू लागला, किंचाळू लागला, तर घरच्यांना प्रथम रोग न आठवता भूत आठवते, ह्याला पिढ्यान्पिढ्यांच्या समजुतीबरोबर पडद्याचाही हातभार लागलेला आहे असे माझे मत आहे. कारण झपाटलेला माणूस कसा दिसतो हे त्यांनी शंभरदा पाहिलेले असते, आणि स्किझोफ्रेनियाचा रोगी कसा दिसतो हे एकदाही दाखविले गेलेले नसते.

आणि अखेर महामार्ग. १ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्र उलटून दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ समृद्धी महामार्गावर आदळून उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते. २५ जण गेले, ८ वाचले. बस डाव्या अंगावर पडल्यामुळे दार खाली दबले होते, आणि वाचलेल्यांतले काही जण काच फोडून बाहेर पडले. ज्यांना तेवढा अवधीच मिळाला नाही त्यांच्या वर्तनाविषयी घरात सुरक्षित बसलेल्या माणसाने एक अक्षरही बोलू नये. पुढे ह्या जागी अपघात टळावेत म्हणून यंत्र पुरून महामृत्युंजयाचे अनुष्ठान झाले, आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याची फिर्याद नोंदली गेली. संकटाला आपण भुताचा चेहरा देतो तो असा. वेग, झोप, कठडा आणि बाहेर पडण्याची वाट ह्या चार गोष्टींना चेहरा नसतो, म्हणून त्या आपल्या भयात बसत नाहीत.

खरे संकट पार्श्वसंगीत वाजवीत येत नाही, हे भयपटाच्या प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. १९६८ साली लाटाने आणि डार्ली ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रश्नावली भरण्यास बसविलेल्या माणसांच्या खोलीत धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के उठून वर्दी देण्यास गेले, परंतु सोबत ठरवून निर्विकार बसलेली दोन माणसे असली तर केवळ १० टक्के. बाकीचे डोळे चोळीत कागद भरीत राहिले. इतरांच्या चेहऱ्यावर भय नाही म्हणून आपणही भ्यायचे नाही, असा हा हिशेब. जॉन लीच ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दुर्घटनांतून वाचलेल्यांच्या हकिकती तपासून काढलेला अंदाज असा, की अशा वेळी शांत राहून योग्य ते करणारे दहा-पंधरा टक्के, आरडाओरडा करून बिघडविणारे साधारण तेवढेच, आणि उरलेले बहुसंख्य केवळ बधिर होऊन बसून राहतात. हाच भरताचा स्तंभ. आणि तो मोडण्यास धैर्यापेक्षा आधी करून ठेवलेली तयारी अधिक उपयोगी पडते असे लीच ह्यांचे म्हणणे आहे.

त्याचा एक दाखला अमांडा रिप्ली ह्या पत्रकार लेखिकेने आपल्या पुस्तकात दिला आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफे बेटाच्या विमानतळावर दोन प्रचंड विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. त्यांपैकी एका विमानात साठी उलटलेला एक गृहस्थ होता, ज्याने उड्डाणापूर्वीच सुरक्षिततेचा तक्ता काढून बाहेर पडण्याच्या वाटा पाहून ठेवल्या होत्या. आघात होताच त्याने पट्टा सोडला, बधिर होऊन बसलेल्या बायकोला हाक मारून उठविले आणि दोघेही वाचली. ही सवय त्याला कोठून लागली, तर आठ वर्षांचा असताना तो एका नाट्यगृहाच्या आगीत सापडला होता, आणि तेव्हापासून कोणत्याही अनोळखी जागी गेले की प्रथम दार पाहायचे असा त्याचा नेम होता. प्रेक्षागृहाने त्याला संकटाचा धडा दिला खरा, परंतु तो रंगमंचाने दिला नाही, आगीने दिला.

तेव्हा भयपट हौसेने पाहावेत. भय सोसण्याची थोडीफार सवय त्यांनी लागते आणि तेवढ्यापुरते ते बरेच आहेत. मात्र समृद्धीवरून रात्रीच्या बसने जाताना मोबाईलवर चित्रपट लावण्याआधी आपल्या आसनापासून आपत्कालीन दार किती रांगांवर आहे, ते कोणत्या बाजूस उघडते आणि काच फोडण्याचा हातोडा जागेवर आहे की नाही, एवढे उठून पाहून घ्यावे, आणि हातोडा जागेवर नसेल तर गाडी सुटण्यापूर्वी चालकाला तो मागावा.